एडीडी स्कॅनमध्ये दिसत नाही

‘मेंदूचा स्कॅन काढा, एडीडी आहे की नाही लगेच कळेल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. चूक आहे. (एडीडी म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जाणारी स्थिती; हे जुनं नाव, आता तिला एडीएचडीतच धरतात.) एमआरआय, ईईजी, रक्ततपासणी, कशानेच हे निदान होत नाही. (थायरॉइड तपासतात, ते दुसरी कारणं वगळायला.) गाठायचा तो मानसोपचारतज्ज्ञ, तोही प्रौढांचं एडीएचडी पाहणारा, अपॉइंटमेंट घेतानाच तसं विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, औषधं लिहून देत नाहीत.

२०१३च्या डीएसएम-५नुसार (मानसिक विकारांच्या निदानाचे निकष देणारी अमेरिकन पुस्तिका) प्रौढांमध्ये लक्ष न लागण्याच्या ९ लक्षणांपैकी किमान ५ हवीत, आणि त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधीच दिसलेली असावीत. म्हणून तर डॉक्टर शाळेबद्दल खोदून खोदून विचारतात. माळ्यावरची प्रगतिपुस्तकं काढा, जमलं तर आईलाही सोबत न्या. ‘हुशार आहे, पण लक्ष नसतं’ हा बाईंचा जुना शेरा तिथे स्कॅनपेक्षा जास्त उपयोगी पडतो.