स्कोपखालच्या दोन रिंगा

रायफलीवर दुर्बीण, म्हणजे स्कोप, बसवायची म्हटलं की सगळा खल दुर्बिणीवरच होतो. किती पट, पुढचं भिंग केवढं, काच जर्मन की जपानी. तिला धरून ठेवणाऱ्या रिंगा मात्र शेवटी, उरल्यासुरल्या पैशांत घेतल्या जातात. आता हा हिशेब पाहा. दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटर अंतर आहे आणि त्यातली एक ०.१ मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीइतकी, बाजूला सरकली. तेवढ्याने १०० मीटरवरचा नेम १० सेंटिमीटर चुकतो. चूक कायम तेवढीच राहिली तर स्कोपचा नॉब फिरवून भरून काढता येते. दर गोळीला बदलत राहिली तर कितीही महागडी काच घ्या, उपयोग शून्य.

बाजारात रिंगांचे इतके प्रकार का आहेत, एकाची रिंग दुसऱ्याच्या रेलवर, म्हणजे रायफलीच्या माथ्यावरच्या रिंगा बसवायच्या पट्टीवर, का बसत नाही, याची उत्तरं गेल्या पावणेदोनशे वर्षांत विखुरलेली आहेत. सुरुवातीला तर रिंगेचं काम आजच्याहून बरंच मोठं होतं.

१८४० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाचा बंदूक कारागीर मॉर्गन जेम्स आणि १८५५ पासून सिरॅक्यूजचा विल्यम माल्कम यांनी बनवलेल्या दुर्बिणी म्हणजे जवळजवळ बॅरलइतक्या लांब, सडपातळ नळ्या. क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची फुली, नळीत जागच्या जागी पक्का असे. नेम वर-खाली किंवा डावीकडे-उजवीकडे करायचा तर आख्खी नळीच कलवायची, आणि ते काम मागच्या माउंटच्या, म्हणजे नळीला रायफलीवर धरणाऱ्या पकडीच्या, स्क्रूंचं. थोडक्यात, नेम धरणारा भाग माउंट होता. दुर्बीण नुसती दाखवायची.

याच काळातलं एक नाव आपल्याकडच्या वाचकाला माहीत असावं असं आहे. बॉम्बे आर्मीत नोकरी केलेला स्कॉटिश अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन याने बनवलेली दुर्बीण रायफलीच्या माथ्यावर न बसवता डाव्या अंगाला बसवत. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांकडे ज्या थोड्या व्हिटवर्थ रायफली होत्या, त्यांतल्या काहींवर ही दुर्बीण होती. बार उडाला की ती मागे येऊन भुवईवर आदळे. काळानिळा डोळा ही त्या नेमबाजांची खूणच झाली होती म्हणतात.

नळीच कलवायची ही पद्धत अमेरिकेत फार चिवट निघाली. विंचेस्टरचा ए५ स्कोप आणि नंतर जॉन उनर्टलच्या लांब दुर्बिणी याच जातीच्या. माउंटवर मायक्रोमीटरचे नॉब, आणि नळी रिंगांमध्ये मुद्दाम सरकती ठेवलेली, म्हणजे धक्का थेट काचेला बसत नाही. बार झाला की रायफल मागे येते, नळी जागेवरच राहू पाहते आणि रिंगांतून पुढे सरकते. काहींना ती परत आणायला स्प्रिंग असे. नसेल तिथे नेमबाज दर गोळीनंतर हाताने नळी मागे ओढून घेई. अमेरिकन मरीन स्नायपरांनी उनर्टलच्या अशा दुर्बिणी दुसऱ्या महायुद्धात वापरल्या आणि व्हिएतनाममध्येही.

युरोपचा रस्ता वेगळा. विसाव्या शतकाच्या तोंडावर व्हिएन्नाच्या काल्स, जर्मनीच्या गोएर्त्झ, झाइस अशा कंपन्यांनी आखूड, भक्कम शिकारी दुर्बिणी काढल्या आणि त्या बसवायला थुरिंगियातल्या झूल शहराच्या नावाने ओळखला जाणारा नखीचा माउंट रूढ झाला. रिंगा दुर्बिणीच्या पोलादी नळीवर डाख लावून कायमच्या बसवलेल्या, त्यांच्या पोटाशी पोलादी नख्या. पुढच्या नख्या रायफलीवरच्या खाचेत अडकवायच्या, मागचा भाग खाली दाबायचा, की खटका बसतो. काढायला दोन सेकंद, आणि परत लावली की नेम तिथल्या तिथे. सुरेख वस्तू, पण त्यासाठी कारागिराला दर रायफलीला दर नखी कानशीने घासून जुळवावी लागे. एका रायफलीची दुर्बीण शेजारच्या रायफलीवर लावायची सोय नाही.

पहिल्या महायुद्धात या गोष्टीची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. जर्मन स्नायपरांना नखीच्या माउंटच्या, एकेक करून जुळवलेल्या माउझर रायफली मिळाल्या. ब्रिटिशांच्या ली-एनफिल्डमध्ये काडतुसांची क्लिप वरून खाली दाबून भरायची असल्यामुळे माथ्यावर दुर्बीण नको होती. ऑल्डिस आणि पेरिस्कोपिक प्रिझम कंपनीच्या दुर्बिणी म्हणून डाव्या बाजूला टांगल्या गेल्या. क्लिप भरता आली, पण खंदकाच्या लोखंडी पत्र्यातल्या चिंचोळ्या झरोक्यातून बॅरल बाहेर काढली की बाजूची दुर्बीण पत्र्यावरच रोखलेली! ब्रिटिश सैन्यातला मेजर हेस्केथ-प्रिचर्ड आघाडीवर हिंडून दुर्बिणीच्या रायफली तपासू लागला, तेव्हा त्यांतल्या कितीतरी नेमातून गेलेल्या निघाल्या. वापरणाऱ्यांना माउंट म्हणजे काय हेच कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या ली-एनफिल्ड क्रमांक ४ (टी) मध्ये हा धडा गिरवलेला दिसतो. हॉलंड अँड हॉलंडने रिसिव्हरच्या, म्हणजे बॅरलमागच्या पोलादी सांगाड्याच्या, डाव्या अंगाला दोन पॅड बसवले आणि दोन मोठ्या अंगठा-स्क्रूंनी कसला जाणारा ब्रॅकेट दिला. दुर्बिणीचा नंबर त्या रायफलीच्या दस्त्यावर ठोकलेला असे, म्हणजे जोड्या फुटू नयेत. ब्रॅकेट प्रत्येक रायफलीला जुळवूनच बसवावा लागे, पण एकदा बसला की साधा शिपाई तो काढून परत लावू शकत होता.

खरी उलथापालथ मात्र नागरी बाजारात झाली, आणि ती स्वस्ताईमुळे. अमेरिकेच्या बिल वीव्हरने १९३० मध्ये ३३० नावाचा स्कोप काढला, माउंटसकट १९ डॉलरला. नेम जुळवण्याची यंत्रणा नळीच्या आत होती, त्यामुळे माउंटला फक्त घट्ट धरून ठेवायचं काम उरलं. आतल्या यंत्रणेची कल्पना वीव्हरची एकट्याची नव्हे. ती सामान्य शिकाऱ्याच्या खिशात बसवली हे त्याचं.

तरी माउंटमधले स्क्रू लगेच गेले नाहीत. त्या काळच्या स्कोपमध्ये नॉब फिरवला की क्रॉसहेअर दृश्याच्या मधोमध न राहता एका कोपऱ्याकडे सरकायचा. कोणालाच ते आवडत नसे. म्हणून रेडफिल्ड कंपनीच्या माउंटमध्ये पुढची रिंग फिरवून अडकवायची आणि मागच्या रिंगेला दोन्ही बाजूंनी मोठे स्क्रू, डावं-उजवं आधी तिथेच जुळवायचं आणि उरलेलं नॉबने. बॉश अँड लॉम्बने तर १९५० च्या दशकातही सगळी जुळवणी माउंटमध्येच ठेवली होती. क्रॉसहेअर कायम मधोमध दिसणारे स्कोप आल्यावर या स्क्रूंचं प्रयोजन संपलं. आजही ते माउंट मिळतात, देखणे असतात, पण नव्याने घेण्यासारखं त्यांत फारसं काही नाही असं माझं मत आहे.

वीव्हरने मागे ठेवलेली दुसरी गोष्ट म्हणजे आडव्या खाचांची चपटी रेल. रिंगेखालचा आडवा बोल्ट खाचेत बसतो आणि धक्का तोच झेलतो. खाच ४.५७ मिमी रुंद, पण दोन खाचांमधलं अंतर ठरलेलं नाही. अमेरिकन सैन्याने याच कल्पनेला शिस्त लावली. न्यू जर्सीच्या पिकाटिनी आर्सेनलमध्ये तयार झालेलं मिल-एसटीडी-१९१३ हे मानक ३ फेब्रुवारी १९९५ चं: खाच ५.२३ मिमी, मध्यापासून मध्यापर्यंत १०.०१ मिमी. म्हणून वीव्हरची रिंग पिकाटिनीवर साधारण बसते, उलट मात्र हमी नाही. जाड बोल्ट अरुंद खाचेत उतरतच नाही. नाटोने २००९ मध्ये हीच रेल मेट्रिक मापांत पक्की केली. भारतीय सैन्याने २०१९ मध्ये मागवलेल्या सिग ७१६ रायफलींवर वरून हीच रेल आहे, तर सैन्याच्या जुन्या द्रागुनोव्ह स्नायपर रायफलीवर सोव्हिएत पद्धतीचा बाजूचा माउंट.

रेल एकसारखी झाली, नळ्या झाल्या नाहीत. अमेरिकेची १ इंच म्हणजे २५.४ मिमी, जुनी जर्मन पोलादी नळी २६ मिमी, मग ३० आणि हल्ली ३४. सव्वीसच्या नळीवर एक इंचाची रिंग आवळून बसवली की नळी चेपते. जुनी जर्मन दुर्बीण हातात आली तर आधी व्हर्निअरने नळीची जाडी मोजावी. रायफलींचंही तसंच. चेक बनावटीच्या ब्रनोला १९ मिमीचा डोव्हटेल (तिरक्या कडांची, रिंगांनी पकडायची पट्टी), टिक्काला १७, साकोचा निमुळता होत जाणारा. रिंगा समरेषेत नसल्या तर आतून सळई आणि पेस्ट घालून घासायची जुनी रीत आहे. बरिस कंपनीने त्यावर रिंगेत गोलाकार प्लास्टिकचं अस्तर घालून तोडगा काढला. नळीला ओरखडा नाही, पीळ नाही.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला, पुढे शिकार बंद झाली, आणि शिकारी स्कोपच्या बाजाराला आधारच उरला नाही. ऑलिंपिक नेमबाजीत दुर्बीण चालत नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं ते छिद्राच्या डायॉप्टर साइटवर. त्यामुळे इथे रिंगांचा प्रश्न पडतो तो बहुतेक करून छऱ्याच्या बंदुकीवर, ११ मिमीच्या डोव्हटेलवर.

आणि ही बंदूक रिंगांना सगळ्यात जास्त छळते. स्प्रिंग सुटली की जड पिस्टन पुढे जातो आणि बंदूक मागे येते. पिस्टन टोकाला थांबला की तीच बंदूक पुढे हिसका देते. दोन्हीकडून बसणाऱ्या या झटक्यांत नुसत्या आवळून धरलेल्या रिंगा गुळगुळीत डोव्हटेलवरून हळूहळू मागे सरकतात. स्क्रू आणखी आवळणं हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने नळी दबते, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे जातात. बंदुकीच्या माथ्यावर मागे एखादं छोटं भोक आहे का ते पाहावं आणि त्यात उतरणारी पिन असलेली रिंग घ्यावी. भोक नसेल तर मागच्या रिंगेला टेकून वेगळा अडसर बसवावा. स्कोपही स्प्रिंगच्या बंदुकीसाठी म्हणून बनवलेलाच हवा. मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप इथे थोडक्या छऱ्यांत आतून खिळखिळा होऊ शकतो.