एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल नको

ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी स्पोर्ट्स कारच्या गिअरबॉक्समध्ये जाड गिअर ऑइलच घालावे, हा समज चुकीचा आहे. निर्मात्याच्या पुस्तिकेत त्यासाठी इंजिनाचेच २०डब्ल्यू-५० ऑइल सांगितले आहे. ओव्हरड्राइव्ह (वेगात जाताना इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी, गिअरबॉक्सला जोडलेली यंत्रणा) असलेल्या गाडीत हेच ऑइल त्या यंत्रणेलाही वंगण पुरवते आणि त्यातील शंकूच्या आकाराचा क्लच घर्षणावरच चालत असल्याने, घर्षण घटवणारी रसायने तेथे बाधतात. जीएल-५ दर्जाचे, म्हणजे जास्त दाब सोसणारे गिअर ऑइल मागच्या अ‍ॅक्सलमधील हायपॉइड गिअरसाठी (ज्याचे दाते एकमेकांवर घसरत फिरतात) योग्य आहे. ते गिअरबॉक्समध्ये ओतले जाते, याचे मला खरोखर वाईट वाटते. घरी ऑइल बदलताना भरण्याचे तोंड उघडते, याची खात्री झाल्यावरच खालचे बूच सोडावे. अन्यथा रिकामा गिअरबॉक्स भरता येणार नाही.