मधमाशीच्या डंखाने मलेरिया बरा होतो का?

वर्षानुवर्षे फिरणारा दावा असा: मधमाशीचं विष मलेरियाचे जंतू मारतं, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, म्हणून डंख घ्या, गोळ्या नकोत.

याला थोडा आधार आहे, म्हणूनच तो पटतो. विषाच्या कोरड्या वजनातला सुमारे अर्धा भाग मेलिटिनचा. 26 अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या आवरणाला भोकं पाडते, आणि काचेच्या बशीत परजीवी खरोखर मरतात. काळा आजाराच्या लेशमानिया या परजीवीवरही ती तपासली गेली आहे.

अडचण ही, की मेलिटिन आपल्या पेशींनाही सोडत नाही. तांबड्या पेशी ते सहज फोडतं, आणि मलेरियाचा परजीवी रक्तात राहतो नेमका त्यांच्याच आत! शिवाय मात्रा पाहा. एका डंखात साधारण 0.1 मिलिग्रॅम विष. पाच लिटर रक्तात पसरलं, तर मिलिलिटरमागे 0.02 मायक्रोग्रॅम, बशीतली मात्रा सहसा याच्या कैक पट असते. डंख वाढवावेत, तर ॲलर्जी असलेल्याला एकच डंख जिवावर बेततो.

पडताळायचं कसं? मूळ शोधनिबंधात प्रयोग बशीत झाला, उंदरावर की माणसांवर, ते आधी बघा. मग ‘सिलेक्टिव्हिटी इंडेक्स’ शोधा: निम्म्या मानवी पेशी मारणारी मात्रा भागिले निम्मे परजीवी मारणारी मात्रा. आकडा 1 च्या आसपास असेल, तर दोघांनाही सारखाच धोका. (बातमीत हा आकडा क्वचितच सापडतो.)

ताप असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात मलेरियाची रक्ततपासणी आणि औषधं मोफत मिळतात. फॅल्सिपेरम हा मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार उपचाराविना 24 तासांतही गंभीर होऊ शकतो.