नखांवरून तब्येत: आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी माहिती

रक्त द्यायला हात पुढे केला की बऱ्याच जणी विचारतात, "नखांवर पांढरे ठिपके आलेत, कॅल्शियम कमी झालंय का हो?" बहुतेक वेळा नाही. नखाच्या मुळाशी काही लागलं, दाबलं गेलं की असा ठिपका दिसतो आणि नखाबरोबर पुढे सरकत कापला जातो. तेवढ्यासाठी तपासणी करू नका, आमचं एक बिल कमी झालं तरी चालेल.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणून होऊन गेलेलं दुखणंही त्यावर दिसतं. डेंग्यू-टायफॉईडसारखा जबर ताप किंवा मोठं ऑपरेशन झालं की वाढ काही दिवस अडते आणि नखांवर आडवी खाच पडते. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ मध्ये तिचं वर्णन केलं. खाच मुळापासून ६ मिलिमीटरवर असेल, तर दोनेक महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते आठवा. एकाच नखावर असेल तर बहुधा दार-बिर लागलेलं असतं. उभ्या बारीक रेघा वयाप्रमाणे येतातच.

नख चमच्यासारखं खोलगट झालंय का? त्यावर पाण्याचा थेंब सोडा. तो ओघळून न जाता तिथंच बसला, तर शरीरात लोह कमी असू शकतं. (तान्ह्या बाळांची नखं मात्र अशी असली तरी काळजी नसते.) बायकांचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात; पण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, उतरलेला असू शकतो. आणि भाकरी खाल्ल्या खाल्ल्या चहा नको, चहामुळं अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही.

दोन्ही हातांच्या तर्जनीची नखं पाठीला पाठ लावून धरा. मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसायला हवी. ती बुजली असेल आणि बोटांची टोकं फुगली असतील, तर लॅबच्या आधी डॉक्टरांकडे जा; फुप्फुसं आणि हृदय बघावं लागतं.

विड्या वळणाऱ्या किंवा चादरींच्या रंगखात्यात काम करणाऱ्यांची नखं पिवळट, रंगीत होतात, तो बाहेरचा डाग. नख जाड होऊन भुगा पडत असेल तर बुरशीची शंका घ्यावी. पण सोरायसिसमध्येही नख असंच दिसतं, आणि बुरशीच्या गोळ्या महिनोन् महिने चालतात. म्हणून आधी नख खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. एकाच नखावर नवी काळी पट्टी येऊन रुंदावत चालली असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.

केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी सांगा. बायोटिनमुळं थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो. गोळी किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टरांना विचारून या. नाव आठवत नसेल तर पाकीटच घेऊन या.