पाणी कमी प्यायलं की शौचाच्या फेऱ्या कमी होतात?

मोठं आतडं काढून लहान आतड्याच्या टोकाची आतल्या आत पिशवी शिवलेल्या, म्हणजे जे-पाउचवाल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो: "पाणी बेतानं पी, फेऱ्या कमी होतील." ऐकायला पटतो, पण चुकीचा आहे.

अन्नातलं उरलंसुरलं पाणी आणि मीठ शोषून घेणं हे मोठ्या आतड्याचं काम. तेच नसल्यावर दिवसाला ४ ते ८ वेळा पातळसर शौच होणं नेहमीचंच. पाणी तोडलं तर फेऱ्या फारशा घटत नाहीत, घटते ती लघवी. ती गडद पिवळी होते, पायात गोळे येतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पुढे मुतखड्याचाही धोका.

नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. साखर आणि मीठ सोबत असलं की लहान आतडं पाणी चटकन ओढून घेतं. म्हणून १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. घोट-घोट प्यावं. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मऊ भात, केळं, साबुदाणा यांनी शौच जरा घट्ट होते. ठेचा मात्र जाताना पुन्हा भेटतो! शौचानंतर गुदद्वाराची जागा पाण्याने धुवा, न घासता टिपून कोरडी करा, वर झिंकचं मलम लावा.

फेऱ्या अचानक वाढल्या, ताप आला किंवा रक्त दिसलं तर पिशवीला सूज आलेली असू शकते. तेव्हा साखर-मिठावर थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.