देशी व आक्रमक वनस्पतींची ऑनलाइन ओळख (कोल्हापूर परिसर)

परिसर अभ्यास व विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना भोवतालची झाडेझुडपे ओळखता यावीत आणि त्यांचे मूळ शोधता यावे, यासाठी इंटरनेटवरील माहितीसंग्रह व ॲप वापरायला शिकवण्याचा उपक्रम. कोल्हापुरात अशा अभ्यासाला विषयांची वाण नाही. रंकाळ्यात आणि पंचगंगेत केंदाळ, पडीक जागी गाजर गवत, डोंगरउतारांवर घाणेरी व रानमोडी. तर पश्चिमेला राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात अंजनी, जांभूळ, हिरडा आणि कारवी.

सुरुवात ‘विदेशी’ आणि ‘आक्रमक’ या शब्दांपासून करावी लागते, कारण वर्गात गोंधळ होतो तो इथेच. तांबड्या रश्शातली मिरची अमेरिका खंडातून आली. बटाटा, मका, भुईमूगही तिकडचेच. गुलमोहर मादागास्करचा. हे सगळे पाहुणे, पण शेताची किंवा कुंडीची हद्द ओलांडून त्यांनी रान बळकावलेले नाही. केंदाळाचे तसे नाही. दक्षिण अमेरिकेतली ही जलपर्णी सांडपाण्यावर पोसते, अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते आणि खालच्या पाण्याचा उजेड व प्राणवायू तोडते. तिचा फुगीर देठ वर्गात आडवा कापून दाखवावा. आतल्या हवेच्या कप्प्यांची जाळी पाहिली की ती तरंगते कशी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी अडचण नावांची. केंदाळ म्हणजेच जलपर्णी, घाणेरी म्हणजेच टणटणी. ‘रान तुळस’ मात्र गावागणिक निरनिराळ्या झुडपांना म्हणतात. म्हणून स्थानिक नावावरून शास्त्रीय नावाकडे जायचे आणि पुढचा शोध त्याच नावाने घ्यायचा. शास्त्रीय नावही कधी चकवते. चिंचेचे नाव टॅमरिंडस इंडिका, पण तिचे मूळ उष्ण कटिबंधीय आफ्रिकेत. पारावरची चिंच परदेशी म्हटल्यावर मुलेच काय, गुरुजीही क्षणभर थबकतात.

मराठी नाव हाताशी असेल तर ‘फ्लॉवर्स ऑफ इंडिया’ सोयीचे. मूळ प्रदेश तपासायला लंडनच्या क्यू उद्यानाचे ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ पाहावे. भारतातल्या नोंदी ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’वर मिळतात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या तज्ज्ञगटाने जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक प्रजातींची यादी केली आहे. तिच्यात जलपर्णी, घाणेरी, रानमोडी आणि सुबाभूळ ही चारही नावे आहेत. ‘सीझनवॉच’मध्ये शाळा एखाद्या झाडाची पालवी, फुले, फळे वर्षभर टिपू शकतात. मात्र ‘इथले’ झाड कोणते, हे ठरवायला जिल्ह्याचीच वनस्पतिसूची हवी. ती शिवाजी विद्यापीठातल्या श्रीरंग यादव आणि मिलिंद सरदेसाई यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. पडद्यावरचे उत्तर तिच्याशी ताडून पाहणे उत्तम.

फोटोवरून ओळख सांगणारी ॲप सुचवतात, निवाडा करीत नाहीत. नुसत्या फुलाचा फोटो टाकला तर दूरदेशीच्या एखाद्या भाऊबंदाचे नाव पुढे येते. पानाच्या दोन्ही बाजू, खोड आणि अख्खे झुडूप असे तीन-चार फोटो घ्यावेत. घाणेरीचे खोड चौकोनी, त्यावर आकडेदार काटे. पान चुरगळले की उग्र वास. एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुले. इतके हाताने पडताळल्यावर ॲपची गरज उरतेच असे नाही. गाजर गवताला मात्र मुलांनी उघड्या हातांनी शिवू नये. त्याने अंगावर पुरळ उठते, दमाही बळावतो.

याच गवताबद्दलची एक कथा माहिती पारखण्याचा चांगला धडा ठरते. ते पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्यमदत कायद्याखाली मिळालेल्या गव्हातून आले, असे असंख्य पानांवर छापलेले सापडते. पण त्याची पुण्यातली नोंद १९५५ची मानतात आणि भारताशी पीएल-४८०चा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. हिशेब जुळत नाही, तरी मजकूर एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरत राहतो.

नोंदी सार्वजनिक करताना एक पथ्य आहे. पठारावर खरचुडीसारखी दुर्मिळ वनस्पती दिसली तर नेमके ठिकाण देऊ नये, कंद उपटून नेणारेही नकाशे पाहतात. ‘आयनॅचरलिस्ट’ हे निसर्गनोंदींचे ॲप संकटग्रस्त प्रजातींचे स्थान आपोआप धूसर करते. बाकीच्या नोंदींसाठी ती सोय आपण निवडायची असते. लहान मुलांसाठी त्याच परिवारातले ‘सीक’ बरे, त्याला खाते उघडावे लागत नाही.