क्रॅक केलेलं पेजमेकर आणि ओपन सोर्स स्क्रायबस

फॉरमॅट मारायला येणारा माणूस डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पानं लावण्याच्या) दुकानात विंडोज, पेजमेकर, कोरलड्रॉ, फोटोशॉप सगळं एकाच पेन ड्राइव्हवरून टाकून जातो आणि फक्त मजुरी घेतो. मग कोणी ओपन सोर्सचं, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘फुकट तर हेही आहे की!’ पैसे दोन्हीकडे लागत नाहीत हे खरं, पण साम्य तिथेच संपतं.

पेन ड्राइव्हवरच्या अशा ‘क्रॅक’ केलेल्या प्रतीत परवाना तपासणारा भाग निकामी केलेला असतो. म्हणून सोबतच्या सूचनांत आधी ‘अँटिव्हायरस बंद करा’ आणि शेवटी ‘अपडेट करू नका’ असं लिहिलेलं सापडतं. त्या फाईलमध्ये आणखी काय घुसवलंय, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिवाय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३बी नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणं हाच गुन्हा आहे: ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. दुकानाला ती सवलत कशी मिळणार?

ओपन सोर्सला मालक नसतो, हा समज तर साफ चुकीचा आहे. पेजमेकरसारखीच पानं लावणाऱ्या स्क्रायबस या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कॉपीराइट ते लिहिणाऱ्यांकडेच आहे, आणि त्या हक्काच्या जोरावरच ते जीपीएल परवाना देतात: वापरा, वाटा, कोड वाचा, बदला, पण बदललेलं वाटलंत तर कोडही याच अटींवर द्या. अट मोडली की कॉपीराइटचा भंग झाला. लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिममधला जीपीएलचा कोड अटी न पाळता राउटरमध्ये घालून विकणाऱ्या सायटकॉम कंपनीविरुद्धचा मनाई हुकूम म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्ये कायम केला, तो याच कारणाने.

पायरसीने मोठ्या कंपन्यांचं नुकसान होतं, असं आपण ऐकत आलो. मला जास्त नुकसान ओपन सोर्सचं झालेलं दिसतं. पेजमेकर विकत घ्यावं लागलं असतं, तर दुकानदाराने चार पर्याय नक्की पाहिले असते. दोन्हीकडे शून्य रुपये असले की सवयीचं तेच राहतं. कंपन्यांनाही हे कळत होतं. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स चीनबद्दल बोलताना उघडपणे म्हणाले होते की चोरणारच असतील तर आमचंच चोरावं; एकदा सवय लागली की पैसे कसे वसूल करायचे ते पुढे बघू.

आपल्याकडे त्याची किंमत मराठीने मोजली. पेजमेकर ७.० आलं २००१ साली, आणि २००४ मध्ये ॲडोबने त्याचं पुढचं काम थांबवलं. तरी नंतर वर्षानुवर्षं आपल्या लग्नपत्रिका, स्मरणिका, अहवाल त्यातच लागत राहिले, तेही युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये. फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि तो फॉन्ट तिथे नसला, की पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं.

स्क्रायबस तेव्हाही होतं, पण त्यात ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे पडायची आणि जोडाक्षरं फुटायची. हे सुधारायला २०१७ उजाडलं, आवृत्ती १.५.३. ते काम ओमानमधल्या एका ओपन सोर्स गटाने केलं, कारण त्यांना अरबी मजकूर लावायचा होता. अरबीसाठी बसवलेल्या त्याच यंत्रणेने देवनागरीही जुळू लागली. रोज मराठी पानं लावणारे एवढे हात आपल्याकडे असताना ते काम ओमानहून यावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पेन ड्राइव्हवरच्या पेजमेकरने काम भागत होतं, म्हणून कोणाला गरजच जाणवली नाही.

स्क्रायबसवर जाणं अडचणीचं आहे, हे मान्य. हात बसायला वेळ लागतो, आणि बरेच छापखाने ‘कोरल फाईल पाठवा’ म्हणतात. पण स्क्रायबस छपाईसाठीची पीडीएफ/एक्स फाईल करून देतं. छापखानदाराशी बोलून एखादं छोटं काम तसं पाठवून बघता येईल. त्यात मराठी कुठे बिघडलेली दिसली, तर पानाचा नमुना जोडून स्क्रायबसच्या बगट्रॅकरवर, म्हणजे चुका कळवायच्या साइटवर नोंद करा. क्रॅक केलेल्या पेजमेकरची तक्रार करायला असं ठिकाणच नाही.